घोडीचं बीएएल सॅम्पल वाया गेलं, परत करायचं का?

हो, परत करावं लागेल. ९ वर्षांची घोडी, दोन महिने खोकला, ताप नाही, खाणं नीट, तुम्ही बीएएल (नळीने फुफ्फुसात सलाइन घालून, परत आलेल्या पाण्यातल्या पेशी तपासणं) केलं, बाटली रात्रीच्या बसने पुण्याला पाठवली आणि रिपोर्ट आला की पेशी फुटल्यात, वाचता येत नाहीत. तुमचं नळी टाकणं चांगलंच होतं, फोटोत पाण्यावर ताकासारखा फेस दिसतोय, म्हणजे खोलवरचंच पाणी आलंय (तो फेस सर्फॅक्टंटचा, म्हणजे फुफ्फुसाच्या आतल्या साबणासारख्या पदार्थाचा). ५०० मिली सलाइन घालून निम्मं परत आलं म्हणजे तक्रारीला जागा नाही. फक्त सलाइन पुढच्या वेळी अंगाएवढं कोमट घ्या, गार घातलं की घोडी जास्त खोकते.

घोळ नंतर झालाय. बीएएलच्या पाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच, त्यामुळे पेशी नुसत्या सलाइनमध्ये टिकत नाहीत, रक्तासारखं समजून रात्रभर बसमध्ये ठेवलं की संपलं. परत आलेलं सगळं पाणी प्लास्टिकच्याच बाटलीत एकत्र करा (काचेला मॅक्रोफेज, म्हणजे फुफ्फुसातल्या कचरा गिळणाऱ्या पेशी, चिकटतात), हलकेच हलवून त्यातलं जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये भरा आणि ट्यूब आइसपॅकशेजारी ठेवा, पण कापडात गुंडाळून, गोठलं तर पेशी गेल्याच. आणि स्लाइड स्वतः करा, त्याच दिवशी, जमलं तर तासा-दोन तासांत. लघवीचा सेडिमेंट (तळाचा गाळ) काढतो तेवढ्याच हळू स्पीडने फिरवा, वरचं पाणी ओता, तळाशी उरलेल्या थेंबात त्याच घोडीच्या सीरमचा एक थेंब मिसळा म्हणजे पेशी काचेला धरतात, मग रक्ताची काढतो तशी फिल्म काढून ड्रायरच्या थंड हवेवर लगेच वाळवा. हळू वाळली की पेशी आकसतात आणि मग लिम्फोसाइट कुठली न्यूट्रोफिल कुठला (दोन्ही पांढऱ्या पेशीच), नुसते अंदाज. नाव पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

एकदा मी सहा सुंदर स्लाइड केल्या आणि त्याच डब्यात बायोप्सीची फॉर्मालिनची बाटली ठेवली, झाकण घट्ट होतं बरं का, तरी वाफेने सगळ्या स्लाइड निळसर झाल्या, एकही धड रंगली नाही. तेव्हापासून फॉर्मालिन वेगळ्या गाडीतच म्हणा ना.

दोन स्लाइड न रंगवता पाठवा आणि फॉर्मवर ठळक लिहा, टोलुइडिन ब्लू रंग हवाय. झटपट स्टेनमध्ये मास्ट पेशींचे (ॲलर्जीशी संबंधित पेशी) दाणे नीट रंगत नाहीत, आणि निरोगी घोड्यात त्या २ टक्क्यांच्या आतच असतात, म्हणजे थोड्या जरी सुटल्या तरी उत्तर बदलतं. न्यूट्रोफिल २५ टक्क्यांच्या वर गेले तर गंभीर दमा, मधल्या आकड्यांना घोडी किती धापते ते जोडूनच वाचायचं. ४०० पेशी तरी मोजायला सांगा, शंभरावर थांबणारे मी पाहिलेत.

कल्चर (जंतू वाढवून बघणं) हवं असेल तर ते बीएएलवर नको, श्वासनळीचा वॉश घ्या, बीएएलच्या आधी, आणि साध्या निर्जंतुक ट्यूबमध्ये, कारण ईडीटीए जंतूंची वाढ रोखतं. वॉशमधले न्यूट्रोफिल आणि बीएएलमधले जुळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

आता जरा गंभीर. नाकातून चिकट पिवळा स्राव, नाकात व्रण किंवा अंगावर गाठी असं काही दिसलं तर नळीला हातच लावू नका. ती ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या एका जीवाणूजन्य रोगाची लक्षणं असू शकतात, आणि ग्लँडर्स माणसाला होतो. घोडी वेगळी बांधा, सरकारी पशुवैद्यकांना कळवा, ते रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवतील. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, तरी परत एकदा उजेडात नाकपुड्या बघूनच घ्या.

बाकी, डेक्सा (डेक्सामेथासोन, सूज कमी करणारं स्टेरॉइड) दिलाय का ते लिहिलेलं नाही. दिला असेल तर दोनेक आठवडे थांबून मगच सॅम्पल घ्या, आणि फॉर्मवर गवत कोरडं घालता की भिजवून तेही लिहा.