मोठ्या मुतखड्याचं ऑपरेशन पालथं झोपवून करावं की उताणं?

तुमच्या वडिलांच्या किडनीत अडीच सेंमीचा खडा आहे. एक सर्जन पालथं झोपवून पीसीएनएल (त्वचेतून छोटं छिद्र करून किडनीतला खडा काढणं) करू म्हणतात, दुसरे उताणं झोपवून, आणि यातलं बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, दोन्ही पद्धतींत रुग्णाच्या उशाशी उभी असते. माझ्या मते दोघेही बरोबर आहेत.

ही पद्धत 1976 मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी मांडली. तेव्हापासून पालथं झोपवणं हीच रीत होती. त्यात सर्जनला अख्खी पाठ मोकळी मिळते. किडनीच्या वरच्या भागातला किंवा फांद्या फुटलेला खडा असेल तर सुई कुठून घालायची याला भरपूर वाव राहतो.

पण आधी भूल उताणंच द्यावी लागते आणि मग झोपलेल्या माणसाला पालथं करावं लागतं. चार-पाच जण एका हाकेसरशी वळवतात, माझा एक हात डोक्याखाली आणि दुसरा श्वासनलिकेतल्या ट्यूबवर. छाती आणि कमरेच्या हाडांखाली उशा घालून पोट अधांतरी ठेवायचं. ते दाबलं गेलं की श्वासाचा दाब लगेच चढतो. डोळ्यांवर भार नाही ना, मान मुरगळली नाही ना, हे मी पुन्हा पुन्हा बघते. माणूस लठ्ठ असेल, हृदय किंवा फुप्फुस कमजोर असेल, तर ही पंधरा मिनिटं मला ऑपरेशनपेक्षा जड जातात.

उताण्या पद्धतीत ही उलथापालथ नाही. स्पेनच्या वाल्दिविया उरिया यांनी ती 1980च्या दशकात रुजवली. कमरेखाली सलाईनची तीन लिटरची पिशवी ठेवून ती बाजू थोडी उचलतात. छिद्रातून किडनीत घातलेली नळी आडवी किंवा खाली उतरती राहते, त्यामुळे पाणी आणि खड्याचा चुरा आपसूक बाहेर वाहतो, किडनीतला दाब कमी राहतो. एक पाय लांब, दुसरा दुमडलेला ठेवला की लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून दोन्हीकडून एकदम कामही करता येतं. अडचण एवढीच की किडनी सुईपुढे सरकते आणि छिद्राला जागा कमी मिळते.

खडा पूर्ण निघण्याच्या बाबतीत अभ्यासांचे निष्कर्ष कधी इकडे, कधी तिकडे झुकतात. म्हणून सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय तीच करू द्या. वडिलांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर मात्र मी उताण्या पद्धतीत मुरलेला सर्जन शोधायला सांगेन.

भूलपूर्व तपासणीत हे आवर्जून सांगा: वडील रात्री सपाट झोपू शकतात का, मान वळवताना दुखते का, घोरताना श्वास अडकतो का.