२५ हजारांत पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. मित्र म्हणतो महोगनीचीच घे. ऐकू का?

नका ऐकू.

खरं तर इथेच थांबायला हवं. म्हापशात राहता, अकूस्टिकवर दोन वर्षं हात बसलाय, ब्लूज आणि जुनं रॉक वाजवायचंय, आणि मित्र सांगतो की ‘लाकूड चांगलं नसेल तर सूर लागणारच नाही’. हे शेवटचं वाचलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारून लिहायला बसलो. कारण अगदी हेच वाक्य मी २०११ साली माझ्या मावसभावाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्यापायी २२ हजार रुपये घालवले होते.

आम्ही डिचोलीचे. तेव्हा खाणी जोरात चालू होत्या. मी एका ट्रकमालकाकडे खेपांचा हिशेब लिहायचो आणि आयुष्यात पहिल्यांदा हातात चार पैसे उरत होते. मावसभावाला आम्ही सगळे दादा म्हणतो. तो फोंड्याकडे लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, म्हणजे घरातला तज्ज्ञ तोच. माझ्या कानात बसलेला आवाज स्वच्छ, टणटणीत, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा. तो सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपचा (तारांचा आवाज पकडणारा गिटारीतला भाग) आवाज हे नावानिशी माहीत नव्हतं, एवढंच. दादा म्हणाला, "ती नुसती कुरकुरते. लेस पॉलच्या घाटाची घे, महोगनी, दोन हंबकरवाली. सूर लाकडात असतो. घुमटाचं मडकं बदललं की आवाज बदलतो की नाही?"

लेस पॉल हा गिब्सनच्या गिटारीचा घाट, हंबकर म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप, आणि घुमट म्हणजे मडक्यावर कातडं ताणलेलं आमचं वाद्य. घुमटाचा दाखला दिल्यावर आमच्याकडचा माणूस गप्प बसतो. मीही बसलो.

कदंबा बस पकडून दोघं पणजीला गेलो. दुकानात मी आधी एक स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची उचलली, दोन कॉर्ड वाजवले आणि मला ती आवडली. दादाने ती माझ्या हातातून काढून घेतली, फणस पिकलाय का बघतात तशी पाठीमागून ठोकली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "प्लायवूड." विषय संपला. महोगनी घेऊन घरी आलो. वजन चार किलोच्या वर. एक तास उभ्याने वाजवली की डावा खांदा वेगळा काढून ठेवावासा वाटायचा.

त्या वर्षी चतुर्थीला वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीत आमचा ऑर्केस्ट्रा होता. ॲम्प नव्हता, कारण सगळे पैसे लाकडात गेले होते. गिटार डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलमधून थेट मिक्सरला लावली. जो आवाज आला तो बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा. क्लीन वाजवावं तर कीबोर्डच्या खाली गडप. दुसऱ्या गिटारवाल्याकडे साधी, कोणाची तरी मागून आणलेली स्ट्रॅटची नक्कल होती, आणि तिचा एकेक सूर मागच्या खुर्चीपर्यंत जात होता. कार्यक्रम संपल्यावर दादा म्हणाला, "गिटार बरोबर आहे, तुझा हात नाही."

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. ट्रक उभे राहिले, मग आमचे पगारही. गिटार विकायला काढली, तर २२ हजारांच्या वस्तूला कोणी सात हजारांच्या वर जाईना. रागाने केसमध्ये घातली आणि माळ्यावर टाकली. अख्खा पावसाळा ती तिथेच.

२०१४ च्या एप्रिलमध्ये, सीझन संपताना, हरमलला एक विदेशी पाहुणा सामान विकून परत जात होता. त्याच्याकडून साडेचार हजारांना एक गिटार घेतली. स्ट्रॅटचा घाट, अंग प्लायवूडचं, दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजकडे (तारा अंगावर जिथे टेकतात तिथे) एक हंबकर, म्हणजे ज्याला एचएसएस म्हणतात ती मांडणी. तो हंबकर मेलेला होता. तेव्हा माळ्यावरची आठवली. केस उघडली तर पट्ट्यावर हिरवी बुरशी, तारा गंजून काळ्या, आणि मान इतकी वाकलेली की बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तार दाबायला दोन बोटं लागावीत. दोन्ही गिटारी पाठीवर बांधून मडगावला गेलो. तिथे एक म्हातारे व्हायोलिन आणि गिटारी दुरुस्त करायचे. त्यांनी महोगनीकडे एका डोळ्याने मानेच्या रेषेत पाहिलं आणि म्हणाले, "तुजी गिटार बरी आसा, तिका सेटअप जाय." म्हणजे गिटार चांगली आहे, ती नीट लावून घ्यायला हवी.

सातशे रुपये घेतले. ट्रस रॉड (मानेतली लोखंडी कांब) पाव-पाव फेरा आवळून मान सरळ केली, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा खोल केल्या, ब्रिजवरचे सॅडल मागेपुढे करून इंटोनेशन लावलं, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा असं केलं. गिटार सुरात आली. तीन वर्षं मी ज्या वाद्याला शिव्या घातल्या ते दुकानातून निघालं तेव्हापासून कधी नीट लावलेलंच नव्हतं, आणि आमच्या घरच्या तज्ज्ञाच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्याचं लक्ष लाकडाकडे होतं.

मला मात्र हरमलवाली हातात जास्त बसत होती. तिच्यासाठी बरा नवा हंबकर घ्यायचा तर गिटारीएवढेच पैसे गेले असते. म्हणून महोगनीचा ब्रिजकडचा हंबकर काढून प्लायवूडमध्ये बसवायचं ठरलं. काढायच्या आधी मी एक उद्योग केला. मित्राकडून आणलेल्या दहा वॉटच्या ॲम्पच्या बटणांवर पेन्सिलीने खुणा केल्या, स्टुलावर फोन ठेवला आणि महोगनीवर एक छोटा तुकडा वाजवून ध्वनिमुद्रित केला. पिकअप बदलल्यावर त्याच जाडीच्या तारा, त्याच खुणा, स्टूल त्याच जागी, तोच तुकडा प्लायवूडवर.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दादा आमच्याकडे आला. माटोळीखाली (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बसवून दोन्ही तुकडे ऐकवले. त्याने डोळे मिटले, मान डोलावली आणि दुसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "ही महोगनी. ऐक, कसा गोल सूर आहे."

दुसरा प्लायवूडचा होता.

सांगितल्यावर म्हणाला, "या ॲम्पात काय कळणार? ॲम्प फालतू आहे." मी म्हटलं, मग २०११ मध्ये ॲम्पला पैसे ठेव असं का नाही सांगितलंस? मावशीने मध्ये नेवऱ्यांचं ताट ठेवलं म्हणून तो दिवस निभावला.

आता घुमटाचा मुद्दा, कारण तुमचा मित्रही असंच काहीतरी काढेल. घुमटात हवा घुमते. मडक्याची पोकळी, मातीची जाडी, तोंडावरचं कातडं (पूर्वी घोरपडीचं, ते कायद्याने बंद झाल्यावर बकऱ्याचं) हे सगळं मिळून आवाज बनतो. तुमच्या अकूस्टिकचंही तसंच, तिथे लाकडाबद्दल खुशाल भांडा. अशा इलेक्ट्रिकचं अंग भरीव असतं. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर पोलादी तार हलली की कॉइलमध्ये वीज तयार होते आणि ती केबलमधून ॲम्पला जाते. नायलॉनची तार लावा, काहीच ऐकू येणार नाही. तारेच्या थरथरण्यावर लाकडाचा थोडाफार परिणाम होत असेल, पण तो पिकअप, ॲम्प आणि स्पीकर यांच्या फरकापुढे कुठल्या कुठे हरवतो. शिवाय स्वस्त गिटारीवर ‘महोगनी’ लिहिलेलं असतं तेव्हा ते पुष्कळदा नाटो नावाचं वेगळंच झाड असतं. दादाला हे सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हा निवडायचाय तो पिकअप. सिंगल कॉइल उजळ, टोकदार, आणि गुणगुणणारा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर तो उचलतो. जुन्या घरात अर्थिंग धड नसेल किंवा किनाऱ्यावरच्या शॅकवर जनरेटर चालू असेल तर दोन गाण्यांच्या मध्ये हीच घरघर ऐकत बसावं लागतं. हंबकरमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेले असतात, घरघर एकमेकांना खाते आणि तारेचा आवाज वाढतो. तो जाड, मधल्या सुरांनी भरलेला. ब्लूज दोन्हींवर होतो. तुम्हाला जुनं रॉकही हवंय म्हणून माझं मत एचएसएस. यामाहाची पॅसिफिका ०१२ त्याच मांडणीची आहे. स्क्वायर, कॉर्ट, आयबानेझची जिओ यांतही शोधा.

आणखी एक फरक हाताला कळतो, तो स्केलचा, म्हणजे नट ते ब्रिज या तारेच्या लांबीचा. स्ट्रॅटच्या घराण्यात साडेपंचवीस इंच, लेस पॉलच्या घराण्यात पावणेपंचवीस. त्याच जाडीच्या तारा आखूड स्केलवर सैल लागतात, बेंड (तार ओढून सूर चढवणं) सोपा जातो. तुमची बोटं दुखत असतील तर साडेपंचविसावर नऊचा (बारीक तारांचा) सेट लावा, काही बिघडत नाही. लॉकिंग ट्रेमोलोवाली (दांडीने सूर हलवता येतो आणि तारा स्क्रूने जखडलेल्या असतात ती) पहिली गिटार मात्र मुळीच नको. ब्रिज तरंगता असतो, एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर.

पैशांचं म्हणाल तर गिटारीला १६-१७ हजारांच्या वर जाऊ नका. पाच-सहा हजार ॲम्पला, उरलेले केबल, ट्यूनर आणि सेटअपला. नवी त्यात बसत नसेल तर वापरलेली घ्या. किनाऱ्याकडे सीझनच्या शेवटी मिळतात. पण सॅडलचे स्क्रू आधी बघा, खाऱ्या हवेने गंजून बसलेले असतील तर ते फिरत नाहीत. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी डोकावा, फट व्हिजिटिंग कार्डाएवढी असली तर ठीक. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून छेडलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळतो का ऐका. पिकअप निवडायचा स्विच प्रत्येक खाचेत टाकून बघा. हे मी हरमलला केलं नव्हतं, म्हणून मेलेला हंबकर घरी आला. पावसाळ्यात गिटार माळ्यावर टाकू नका, वाजवून झाली की तारा कोरड्या फडक्याने पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आता थोडं स्वतःविरुद्धही लिहायला हवं. २०११ च्या कार्यक्रमात गांधीलमाशी झाली त्यात गिटारीचा फारसा दोष नव्हता. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं कापून टाकतो. डिस्टॉर्शन थेट मिक्सरला दिलं की ते वरचं सगळं कर्कश तसंच बाहेर पडतं. ॲम्प असता, किंवा कॅबिनेटची (स्पीकरच्या खोक्याची) नक्कल करणारा पेडल असता, तर महोगनीही बरी वाजली असती. आणि माझा प्रयोग म्हणजे विज्ञान नव्हे. दोन गिटारींची स्केल वेगळी, ब्रिजवर तारांमधलं अंतर वेगळं, ऐकणारा माणूस एकच, तोही नेवऱ्या खाऊन बसलेला. दीड लाखाच्या गिटारीबद्दल मी बोलत नाही, मी ती हातात घेतलेली नाही. तुम्हाला लेस पॉलचा घाट नुसता दिसायला आवडत असेल तर तीच घ्या. आवडलेली गिटार रोज हातात घेतली जाते, माझी घेतली जात नव्हती.

दुकानात जाताना मित्राला मात्र घरी ठेवा. त्याला लाकडाचीच हौस असेल तर माझी महोगनी अजून भिंतीवर टांगलेली आहे. ब्रिजकडचा पिकअप नाही, तिथे खड्डा आहे, पण लाकूड पूर्ण आहे. सात हजार.