वाचक विचारतात : वेबसाइटचं नाव घेताना

‘लक्ष्मी मसाले’ नावाने आमचा घरगुती व्यवसाय आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट विकतो. आता वेबसाइट करायची आहे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, दुकानाच्याच नावाचं घ्यावं, की ‘कराडचा उत्तम कांदा-लसूण मसाला’ अशा अर्थाचं, म्हणजे गुगलवर वर दिसेल? — एक वाचक, कराड

शब्दांची अशी माळ घेऊ नका. डोमेनमध्ये मालाचं नाव कोंबलं म्हणून गुगल फारसं झुकतं माप देत नाही. वर तेवढं लांब नाव मसाल्याच्या पाकिटावर छापायला गेलात की अक्षरं मुंगीएवढी होतात. डोमेनच्या एका भागात ६३ अक्षरं चालतात, पण ती तांत्रिक मर्यादा झाली. व्यवहारात १२ ते १४ अक्षरांच्या पुढे जाऊ नये.

दुकानाचं नाव घ्यायलाही एक अडचण आहे, ती म्हणजे त्याचं रोमन स्पेलिंग. ‘लक्ष्मी’ कोणी ‘एक्स’ घालून लिहितं, कोणी ‘के-एस-एच’ घालून, कोणी त्यानंतर एक ‘ए’ वाढवतं, कोणी ‘एच’ गाळतं. ‘मसाले’मधल्या ‘सा’ला एक ‘ए’ की दोन, हा आणखी घोळ. म्हणजे आठ तऱ्हा झाल्या. त्यातली एक तुमची, बाकीच्या सात कोणाच्याही.

मराठी नावांत असा दगा देणारी अक्षरं ठरलेली आहेत. ‘ज्ञ’ आपण ‘डी-एन-वाय’ लिहितो, हिंदी भाषक ‘जी-वाय’ लिहितात. ‘व’ला ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, ‘फ’ला ‘एफ’ की ‘पी-एच’, ‘झ’ला ‘झेड’ की ‘जे-एच’, आणि दीर्घ ‘ई’-‘ऊ’ तर विचारूच नका. ‘ळ’ लिहिताना त्रास देत नाही, वाचताना देतो. ‘काळे’ आणि ‘काले’ रोमनमध्ये एकच, आणि अमेरिकेतलं गिऱ्हाईक तर ते ‘केल’ नावाची पालेभाजी म्हणून वाचेल.

म्हणून मूळ नावाला असा शब्द जोडा किंवा नवा शोधा, की ज्याचं स्पेलिंग बहुतेक लोक एकच करतील. तुमच्या धंद्यात ‘तिखट’ आहे, ‘कांडप’ आहे. ‘कांडप’ म्हटल्यावर मसाला कुटतानाचा आवाजही येतो आणि स्पेलिंगला फाटे कमी फुटतात. शब्द जोडताना सांध्याकडे लक्ष द्या. ‘प्रसाद’ आणि ‘डेअरी’ जोडले की दोन ‘डी’ शेजारी येतात, आणि घाईत टाइप करणारा एकच डी मारतो.

मग फोनची परीक्षा घ्या. पाच जणांना फोन करा. त्यात एक साठीच्या पुढचं गिऱ्हाईक आणि एक महाराष्ट्राबाहेरचा माणूस असू द्या. नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांना जसं टाइप करावंसं वाटलं तसं व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. पाचांपैकी चौघांचं बरोबर आलं तर नाव चालेल. दोघांचं चुकलं तर कितीही आवडलं असलं तरी सोडा.

मधे आडवी रेघ असलेलं नाव नको. फोनवर तिला कोणी ‘डॅश’ म्हणतं, कोणी ‘मायनस’, आणि लिहिणारा खाली अंडरस्कोर मारतो, जो डोमेन नावात चालतच नाही. आकडाही नको; ‘टू’ ऐकलं की २ लिहायचा की अक्षरांत, हे समोरच्याला कळत नाही.

आम्हाला हवं असलेलं नाव डॉट कॉममध्ये गेलंय, डॉट इनमध्ये शिल्लक आहे. घ्यावं का? डॉट शॉप, डॉट ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतंय. — एक वाचक, डोंबिवली

आधी त्या डॉट कॉमवर काय चाललंय ते बघा. तिथे तुमच्याच धंद्यातला कोणी जिवंत दुकान चालवत असेल तर डॉट इन घेऊ नका. तुमची गिऱ्हाइकं सवयीने डॉट कॉम टाइप करतील आणि तुमच्या ऑर्डरीचे ईमेल त्याच्याकडे जातील. शिवाय व्यापारचिन्हाचा वाद उद्भवू शकतो, तो वेगळाच. तिथे वेगळ्याच क्षेत्रातली परदेशी कंपनी असेल, किंवा पान नुसतं ‘विक्रीस आहे’ म्हणत पडून असेल, तर डॉट इन खुशाल घ्या. गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर त्यात कमीपणा काही नाही. डॉट इन सांभाळणारी निक्सी ही संस्था आपलीच आहे, आणि गुगलही ते नाव भारतासाठीचं समजतं.

दोन्ही मोकळी असतील तर दोन्ही घ्या. एकावर वेबसाइट ठेवा आणि दुसऱ्यावरून कायमचं, म्हणजे ‘३०१’ प्रकारचं, रीडायरेक्ट लावा, म्हणजे तिथे आलेला आपोआप पहिल्याकडे वळेल. डॉट कॉम, डॉट शॉप अशा दहा शेपट्या विकत घेण्यात मात्र अर्थ नाही.

स्वस्त शेपट्यांत पहिल्या वर्षाचा भाव बघूच नका, नूतनीकरणाचा बघा. पैसे भरायच्या पानावर तो बारीक अक्षरांत असतो आणि अनेकदा पहिल्या वर्षाच्या कित्येक पट निघतो. पाच वर्षांची बेरीज करा, मग ठरवा.

आणखी एक, नाव पूर्वी कोणी वापरून सोडलेलं असू शकतं. वेबसाइटांची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर ते टाकून जुनी पानं पाहा. तिथे जुगार किंवा बनावट औषधांची पानं दिसली तर ते नाव घेऊ नका.

देवनागरीत, डॉट भारत असं नाव घेता येतं म्हणतात. मराठी पुस्तकांच्या दुकानासाठी तेच योग्य नाही का? — एक वाचक, सावंतवाडी

घेता येतं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ साली सुरू झालं आणि मराठी, कोकणी दोन्ही त्यात बसतात. स्पेलिंगचा वरचा सगळा घोळ इथे एका झटक्यात मिटतो, हे मोठं सुख. पण ते एकटं घेऊ नका. आतल्या व्यवस्थेत या नावाचं रूप ‘एक्स-एन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांचं असतं. पत्ता कॉपी करून पाठवला की पुष्कळदा तेच अगम्य रूप उमटतं आणि गिऱ्हाइकाला ती फसवणुकीची लिंक वाटते. ईमेलचं दुखणं त्याहून मोठं. देवनागरी पत्ता अनेक फॉर्म आणि सॉफ्टवेअरं ‘अवैध’ म्हणून परत करतात. रोमन नाव मुख्य ठेवा, देवनागरी नाव पाटीवर आणि पुस्तकखुणेवर छापा, आणि ते मुख्य नावाकडे वळवा.

वेबसाइट करणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलं. आता तो फोन उचलत नाही. नाव आमचं आहे ना? — एक वाचक, लातूर

नोंदीत रजिस्ट्रंट, म्हणजे नोंदणीधारक, म्हणून ज्याचं नाव, त्याचं ते. पैसे तुम्ही दिले हा वेगळा मुद्दा. बिलं आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. आधी हूइज नोंद, म्हणजे डोमेनच्या नोंदणीची जाहीर माहिती, पाहा. डॉट कॉमसाठी आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअप पानावर, डॉट इनसाठी त्याची नोंदवही ठेवणाऱ्या रजिस्ट्रीच्या पानावर. मालकाचं नाव झाकलेलं असलं तरी नाव कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, आहे आणि मुदत कधी संपते, या दोन गोष्टी नक्की कळतात.

तो माणूस भेटला आणि तयार झाला, तर सोपा रस्ता असा. त्याच रजिस्ट्रारकडे तुम्ही स्वतःचं खातं उघडा आणि त्याला डोमेन तुमच्या खात्यात ढकलायला सांगा. वेबसाइट सहसा जागची हलत नाही. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर त्याच्याकडून लॉक काढून घ्या, हस्तांतराचा कोड मागा आणि नव्या रजिस्ट्रारकडे तो भरून पैसे द्या. डॉट कॉमला यात पाच दिवसांपर्यंत लागतात आणि मुदत एक वर्षाने वाढते. नाव नोंदवून किंवा हलवून ६० दिवस झाले नसतील तर सहसा थांबावं लागतं. मुदत संपायला आठवडा उरलाय, अशा वेळी हा उद्योग करू नका. आधी नूतनीकरण करा.

इथे लोक फसतात ते डीएनएसवर, म्हणजे नावावरून वेबसाइट आणि ईमेलचं ठिकाण शोधून देणाऱ्या व्यवस्थेवर. या नोंदी ठेवणारे संगणक, म्हणजे नेमसर्व्हर, जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर डोमेन हलल्यावर ते उत्तर द्यायचं बंद करू शकतात. आधीच सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. वेबसाइटची ‘ए’ नोंद, ईमेलची ‘एमएक्स’ आणि ‘टीएक्सटी’ या नोंदी नव्या ठिकाणी आधी भरा, मग नेमसर्व्हर बदला. वेबसाइट दिसते पण ईमेल येत नाही, अशी तक्रार आली की नव्व्याण्णव टक्के ‘एमएक्स’ राहिलेली असते.

नवं डोमेन घेणाऱ्यांनी हे आधीच टाळावं. खातं स्वतःच्या ईमेलने उघडा, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की ते बंद पडल्याची पत्रंही त्याच पेटीत अडकतात. नोंदणीनंतर पडताळणीचा ईमेल येतो. डॉट कॉमसारख्या नावांना १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही, तर चालू वेबसाइट बंद पडू शकते.

डॉट कॉमची मुदत संपून बारा दिवस झाले. ऑटो-रिन्यू चालू होतं, तरी असं कसं? नाव गेलं का? — एक वाचक, नाशिक

बहुधा गेलेलं नाही, पण आजच खात्यात जाऊन पैसे भरा. मुदतीनंतर रजिस्ट्रार सवलतीचे काही दिवस देतो. ते ४५ पर्यंत असू शकतात, पण किती द्यायचे हे त्याच्या हातात असतं. काही रजिस्ट्रार तेवढ्यातच नाव लिलावात काढतात. सवलत संपून रजिस्ट्रारने नाव रद्द केलं की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ, त्यात जबर दंड पडतो. शेवटी पाच दिवस नाव नुसतं टांगलेलं असतं, तेव्हा कोणालाच काही करता येत नाही, आणि मग ते बाजारात खुलं होतं.

ऑटो-रिन्यू फसण्याचं कारण बहुतेकदा कार्डात असतं. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी ई-मँडेट, म्हणजे तुमची आगाऊ मंजुरी, नोंदवावं लागतं. परदेशी रजिस्ट्रारकडे ते नसलं की बँक व्यवहार नाकारते. एकदाच तीन-पाच वर्षांचं भरून टाका. जास्तीत जास्त दहा वर्षांचं भरता येतं.

एका मोठ्या ब्रँडशी मिळतंजुळतं पण एक अक्षर वेगळं असलेलं नाव घेतलं तर कायद्याने चालतं का? — एक वाचक, पुणे

नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९मध्येच रेडिफच्या बाजूने मनाई दिली. समोरच्याने ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून ‘रॅडिफ’ घेतलं होतं. २००४मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मान्य केलं. डॉट इनसाठी निक्सीची वेगळी तंटानिवारण पद्धतही आहे, तिच्यात नाव हातचं जाऊ शकतं.

नाव पक्कं करण्याआधी व्यापारचिन्ह नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या. शब्दाचा शोध घ्याच, पण उच्चारसाम्याचा पर्यायही वापरा. मसाले ३० क्रमांकाच्या वर्गात येतात, तयार कपडे २५ मध्ये.

आमची पतसंस्था आहे. डोमेनमध्ये ‘बँक’ शब्द घालावा का? — एक वाचक, अहिल्यानगर

घालू नका. बँकिंग नियमन कायद्याचं कलम ७ आड येतं, आणि पतसंस्थांनी ‘बँक’ शब्द वापरण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये जाहीर इशाराही दिला आहे. ‘डॉट बँक डॉट इन’ ही शेपटीही फक्त बँकांसाठी आहे. नुसतं डॉट इन घ्या, आणि ते सचिवांच्या खासगी ईमेलवर न घेता संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलने घ्या. पदाधिकारी बदलतात.