सत्ताधीशाला 'योगभ्रष्ट' म्हणावे का?

एका वाचकाने विचारले आहे, की अध्यात्मविषयक लेखनात 'आजचे बलाढ्य सत्ताधीश हे पूर्वजन्मीचे योगभ्रष्ट आहेत' अशा अर्थाची वाक्ये आढळतात. तेव्हा 'योगभ्रष्ट' ही निंदा समजावी की स्तुती, आणि त्यातून त्या सत्ताधीशांच्या हेतूंबद्दल काही सुचवले जाते का?

हा शब्द निंदाव्यंजक नाही आणि हेतूंबद्दल तो काहीही सांगत नाही. गोंधळ होतो तो 'भ्रष्ट' या उत्तरपदामुळे. आजच्या मराठीत 'भ्रष्ट' म्हटले की 'भ्रष्टाचार' आठवतो आणि लाच, अनीती, विटाळ असे अर्थ मनात उभे राहतात. परंतु 'भ्रंश्' या धातूचा मूळ अर्थ निसटणे, खाली पडणे एवढाच आहे, आणि 'राज्यभ्रष्ट', 'पदभ्रष्ट', 'स्थानभ्रष्ट' या समासांत तो आजही शाबूत आहे. राज्यभ्रष्ट राजा म्हणजे अनीतिमान राजा नव्हे; ज्याच्या हातून राज्य गेले तो राजा. त्याच न्यायाने योगापासून ढळला तो योगभ्रष्ट. हा पंचमी तत्पुरुष, म्हणजे 'पासून' या अर्थाने जोडलेला समास आहे. 'भ्रष्ट योगी' असे म्हटले तर मात्र अर्थ पालटतो, कारण तेथे 'भ्रष्ट' हे योग्याच्या चारित्र्याचे विशेषण ठरते.

या शब्दाचे घर म्हणजे भगवद्गीतेचा सहावा अध्याय. ज्याच्या ठायी श्रद्धा आहे, पण ज्याचे मन योगापासून चळले, तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही असा होऊन फाटलेल्या ढगासारखा नाश पावतो का, असे अर्जुन विचारतो. त्याने येथे 'उभयविभ्रष्ट' हा शब्द योजला आहे आणि त्यापुढे 'नश्यति' हे क्रियापद ठेवले आहे. श्रीकृष्णाचे उत्तर नेमके या दोन शब्दांची फारकत करते: भ्रष्ट झाला तरी त्याचा विनाश इहलोकीही नाही आणि परलोकीही नाही, कारण कल्याणकारी कर्म करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही. यानंतर सत्तेच्या चर्चेत नेहमी उद्धृत होणारी ओळ येते: 'शुचीनां श्रीमतां गेहे योगभ्रष्टोऽभिजायते'. 'श्री' म्हणजे केवळ पैसा नव्हे, तर वैभव, तेज आणि राजलक्ष्मीही. म्हणून 'श्रीमतां गेहे' या शब्दांतून राजवाड्याचे दार उघडते आणि 'मोठ्या सत्तेमागे पूर्वजन्मीची साधना असते' हे मत तेथूनच आधार घेते.

हा आधार घेताना दोन गोष्टी गाळल्या जातात, आणि मला ते गाळणे फार खटकते. एक म्हणजे 'शुचीनां' हे पद. श्लोकात घर नुसते श्रीमंतांचे नाही, ते शुद्ध आचरणाच्या श्रीमंतांचे आहे. दुसरी गोष्ट लगतच्या श्लोकात आहे. बुद्धिमान योग्यांच्या कुळात मिळणारा जन्म अधिक दुर्लभ, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे वैभवाचे घर हे या क्रमात वरच्या पायरीवर नाही. शिवाय योगभ्रष्टाची खूण म्हणून पुढे जे सांगितले आहे त्यात सत्तेचे नावही नाही. पूर्वदेहातील बुद्धिसंस्कार त्याला परत लाभतो आणि पूर्वाभ्यासामुळे तो जणू स्वतःच्या इच्छेविनाही पुन्हा योगाकडेच ओढला जातो, ही ती खूण. ज्ञानेश्वरीने याच ठिकाणी 'बाळपणींच सर्वज्ञता । वरी तयातें' (बालपणीच सर्वज्ञता त्याला वरते) असे म्हटले आहे, आणि ते वाचताना अनेकांना स्वतः ज्ञानेश्वरच आठवतात. लहान वयात असामान्य विरक्ती किंवा प्रज्ञा दाखवणाऱ्या व्यक्तीला मराठीत आदराने 'योगभ्रष्ट' म्हटले जाते, ते या अर्थाला धरूनच. भागवतातील भरताची कथा तर उलट दिशेची आहे: राज्य सोडून तो वनात गेला, हरणाच्या पाडसात गुंतल्यामुळे साधनेपासून ढळला, आधी हरीण झाला आणि मग जडभरत म्हणून जन्मला, तेव्हा त्याच्या वाट्याला सिंहासन आले नाही, रहूगण राजाची पालखी वाहणे आले.

मग सत्ताधीशाच्या हेतूविषयी बोलायचे तर शब्द कोणता? 'विभूती' हा नव्हे. गीतेच्या दहाव्या अध्यायात मनुष्यांमधील राजा ही विभूती, म्हणजे ईश्वरी तेजाचा विशेष आविष्कार आहे, पण कपट करणाऱ्यांमधले द्यूत हीसुद्धा विभूतीच आहे. तो शब्द तेजाची थोरवी सांगतो, नीतीची ग्वाही देत नाही. हेतूची भाषा सोळाव्या अध्यायात आहे, दैवी आणि आसुरी संपत्तीच्या वर्णनात. 'हा शत्रू मी मारला, इतरांनाही मारीन. मी ईश्वर, मी भोगी, मी सिद्ध, मी बलवान' हे आसुरी मनाचे स्वगत एखाद्या सत्ताधीशाच्या अंतरंगाचे जितके थेट वर्णन करते, तितके पूर्वजन्माविषयीचे कोणतेही अनुमान करू शकत नाही. सतराव्या अध्यायात दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. तप तेथेही आहे, त्यातून येणारे बळही असेल. वेगळा आहे तो संकल्प.

'राज्यान्ते नरकं ध्रुवम्' हे वचनही या संदर्भात ऐकू येते. तपाचे फळ म्हणून राज्य मिळते आणि राज्याच्या शेवटी नरक ठरलेला असतो, असा त्यामागचा विचार. नहुष राजाची कथा त्याला साजेशी आहे: देवांनी आणि ऋषींनी आपले तेज देऊन त्याला इंद्रपदी बसवले, आणि त्याने त्याच ऋषींना पालखीला जुंपून अगस्त्यांना लाथ मारली, तेव्हा तो सर्प होऊन खाली कोसळला. पण नहुषाला योगभ्रष्ट म्हणता येणार नाही. तो पदभ्रष्ट.

तेव्हा प्रश्नातील वाक्य लिहिणाऱ्याला सत्तेचे मूळ पूर्वजन्मीच्या तपात आहे एवढेच म्हणायचे असेल, तर 'त्यांची सत्ता हे पूर्वतपाचे फळ होय' असे लिहावे; सत्ता कशासाठी वापरली जाते हे सांगायचे असेल, तर 'दैवी' किंवा 'आसुरी' यांपैकी योग्य ते विशेषण कृती पाहून लावावे; आणि 'योगभ्रष्ट' हा शब्द सत्तेच्या आसनावर बसूनही ज्याचे मन साधनेकडे ओढले जाते, अशा विरळा व्यक्तीसाठी राखून ठेवावा.