पिकअप घेताना गाडी थरथरते?

मित्रा, गॅरेजवाला इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) बदलायला सांगतोय म्हणून लगेच खिसा रिकामा करू नकोस. थरथर नेमकी कधी येते ते आधी बघ. पहिल्या गियरमध्ये क्लच सोडतानाच येत असेल तर क्लच प्लेट नाहीतर इंजिन माउंटिंग. ठरावीक वेगाला येते आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी जात नाही, तर व्हील बॅलन्सिंग करून घे, स्वस्तातलं काम आहे.

पण घाटात, वरच्या गियरमध्ये पाय दाबल्यावरच झटके बसतात ना? पेट्रोल गाडी असेल तर माझा संशय मिसफायरवर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. ते व्होल्टेज देणारी कॉइल कमजोर असेल किंवा ठिणगी पाडणारा प्लग झिजला असेल, तर तिथेच मान टाकतात. उभी असताना मात्र गाडी अगदी शहाण्यासारखी वागते!

ओबीडी स्कॅनर लाव, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. पी०३०२ कोड आला तर दोन नंबरचा सिलिंडर. इंजिन थंड झाल्यावर त्याची कॉइल तीन नंबरला आणि तीनची दोनला लाव, कोड पुसून पुन्हा चढावर ने. आता पी०३०३ आला, म्हणजे बिघाड कॉइलबरोबर तीन नंबरला सरकला, तर कॉइलच गेली. नाहीतर प्लगचीही तशीच अदलाबदल करून बघ, इंजेक्टर त्यानंतर. माझ्या गाडीत तर वॉशिंगनंतर प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. हवा मारली, काम झालं.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नकोस. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जाळतं, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.