घर टेक्सासात, नाव वडिलांचं: इथे डीटीएए कामाला येत नाही

पुण्याच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ६६, पत्नी ६१. बाणेरचा प्लॉट विकला, कर वजा जाता साडेचार कोटी हातात आले. मुलगा डॅलसजवळ फ्रिस्कोत, एच-वन-बी व्हिसावर. तिथे ४,२०,००० डॉलरचं एक टाउनहाउस पसंत पडलंय. राहणार मुलगा, पण घर वडिलांच्या नावावर घ्यायचं, कारण ‘पैसा आपला तर कागदही आपला’. पुढे मृत्युपत्राने ते मुलाला जाईल. सीए म्हणाले, भारत-अमेरिका दुहेरी कर टाळण्याचा करार (डीटीएए) आहे, दोनदा कर लागत नाही. टोरांटोच्या मेव्हण्यांचं फ्लोरिडात घर आहे, त्यांनाही मृत्यूनंतरच्या कराची झळ लागणार नाही म्हणे. मुलगी सांगलीला असते. काय करावं?

घर तुमच्या नावावर घेऊ नका. पैसे अजून गेलेले नाहीत, त्यामुळे हे सगळं आत्ता फुकटात बदलता येतं. खरेदीखत झाल्यावर बदलायला गेलात तर फार महाग पडेल.

तुमच्या सीएंचं वाक्य चूक नाही, ते वेगळ्या कराबद्दल आहे. भारत आणि अमेरिकेतला १९८९ चा करार हा उत्पन्नावरच्या कराचा. घर भाड्याने दिलंत, विकून नफा झाला, तर तिथे भरलेल्या कराची वजावट इथे मिळवायला तो उपयोगी पडतो. इस्टेट टॅक्स, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर, या कराराच्या कक्षेतच येत नाही. आपल्याकडची इस्टेट ड्यूटी १६ मार्च १९८५ पासून बंद झाली, तेव्हा ‘दोनदा कर लागणार नाही’ हे अक्षरशः खरंच आहे: भारत एकदाही लावत नाही. पण म्हणूनच अमेरिकेत भरलेला कर इथे कशातून वळता करून घ्यायला जागाच उरत नाही. तो सगळा खिशातून.

आता तो किती, ते बघू. अमेरिकन नागरिक किंवा तिथेच कायमचा स्थायिक झालेला माणूस २०२६ मध्ये गेला, तर दीड कोटी डॉलरपर्यंतच्या इस्टेटीवर काही लागत नाही. तिथे स्थायिक नसलेल्या परक्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, ही माफी फक्त ६०,००० डॉलरची. त्यावर २६ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत चढत जाणारे दर. ४,२०,००० डॉलरच्या घरावर कोष्टकाप्रमाणे कर येतो १,२८,६००. त्यातून १३,००० ची ठरावीक सूट वजा केली की उरतात १,१५,६०० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर एक कोटी चार लाख. किरकोळ वजावटींनी थोडा कमी होईल. आणि हा भाव आजचा; वीस वर्षांनी घर दुप्पट झालं तर कर दुपटीहून जास्त वाढतो, कारण दरही चढतो. ६०,००० चा आकडा महागाईबरोबर वाढत नाही.

मेव्हण्यांचं म्हणाल, तर त्यांचंही खरं आहे आणि तुमचंही. त्यांना वाचवतो तो करार. अमेरिकेचे इस्टेट टॅक्सवरचे करार मोजक्या देशांशी आहेत: ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान वगैरे. कॅनडाशी स्वतंत्र करार नाही, पण त्यांच्या उत्पन्नकराच्या करारातच १९९५ मध्ये तशी कलमं घातली गेली. त्यामुळे कॅनडात राहणाऱ्याला अमेरिकन माणसाला मिळणाऱ्या सवलतीचा प्रमाणशीर हिस्सा मिळतो. मेव्हण्यांची जगभरची मालमत्ता २० लाख डॉलर आणि त्यात अमेरिकेतलं घर ४,२०,००० चं असेल, तर हिस्सा २१ टक्के. अमेरिकन माणसाची सवलत इतकी मोठी आहे की तिचा २१ टक्के तुकडाही या घराचा सगळा कर गिळून टाकतो. इस्टेट टॅक्स शून्य. त्यासाठी वारसांना जगभरच्या मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो, आणि कॅनडा स्वतः मृत्यूच्या वेळी मालमत्ता विकल्यासारखी धरून भांडवली नफ्यावर कर लावतो, तो भाग वेगळा. पण तेच घर, तीच किंमत, आणि टोरांटोचा मालक शून्य भरतो तर पुण्याचा मालक कोटभर. भारत त्या यादीत नाही, एवढंच कारण.

गंमत म्हणजे ब्रिटनशी आपला असा करार आहे, १९५६ चा. आपली इस्टेट ड्यूटी जाऊन चाळीस वर्षं झाली तरी तो जिवंत आहे. लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या, पण कायद्याच्या दृष्टीने ज्याचं मूळ घर अजून भारतातच आहे अशा माणसाची ब्रिटनबाहेरची मालमत्ता तो तिथल्या ४० टक्के वारसाकरातून वाचवू शकतो. अट एकच: ती मालमत्ता तिथल्या कायद्याखालच्या मृत्युपत्राने जाता कामा नये. लंडनमधल्या फ्लॅटला मात्र तोही वाचवत नाही. जमीन-घर जिथे आहे तिथल्या सरकारचा हात त्यावर पहिला, हे बहुतेक सगळ्या करारांत असतंच.

‘दोघांच्या नावावर घेऊ’ हा पुढचा विचार तुमच्या मनात आला असेलच. दोघांनी आपापल्या खात्यातून निम्मे-निम्मे पैसे घातले, दोघांचे हिस्से वेगळे ठेवले आणि प्रत्येकाने आपला हिस्सा थेट मुलाला दिला, तर एकेका हिश्शावर ४५,००० आणि दोन्ही मिळून ९०,००० डॉलर. वाचले फक्त २५,६००. मागे राहणाऱ्याला सगळं मिळेल अशी जॉइंट मालकी केलीत तर उलट नुकसान: पत्नी अमेरिकन नागरिक नसल्याने नवरा-बायकोची नेहमीची माफी लागू नाही, आणि दुसऱ्या मृत्यूच्या वेळी अख्खं घर पुन्हा हिशेबात. दोन मृत्यूंमध्ये थोडंच अंतर असेल तर आधी भरलेल्या कराची काही वजावट मिळते, पण त्या भरवशावर कोण बेत करणार?

‘नंतर हयातीतच मुलाच्या नावावर करून देईन’ हे तर त्याहून वाईट. अमेरिकेतलं घर बक्षीस दिलं की परक्या माणसाला गिफ्ट टॅक्स लागतो, आणि त्यात ६०,००० चीही माफी नाही, फक्त वर्षाला माणशी १९,००० डॉलर. आजच्या भावाने कर सुमारे १,२२,०००. मृत्यूनंतरच्या करापेक्षा जास्त! परदेशी कंपनी काढून तिच्या नावावर घर घ्यायचा सल्लाही कोणीतरी देईल. एका टाउनहाउससाठी तो खर्च आणि दोन देशांतली कागदपत्रं परवडत नाहीत.

म्हणून घर मुलाने घ्यावं आणि तुम्ही पैसे बक्षीस द्यावेत. इथे एक बारीक गोष्ट नीट सांभाळा. पैसे तुमच्या पुण्यातल्या बँकेतून मुलाच्या खात्यावर जाऊ देत, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे सौदा पुरा होण्याच्या, बऱ्याच आधी. सौदा पुरा करणाऱ्या टायटल कंपनीकडे परस्पर पाठवू नका. भारतातून वायरने दिलेल्या पैशावर गिफ्ट टॅक्सचा प्रश्न सहसा येत नाही, पण तुम्ही थेट घराचे पैसे चुकते केलेत तर ‘बक्षीस पैशाचं नव्हे, घराचं होतं’ असं म्हणायला वाव राहतो. सोबत दोन ओळींचं बक्षीसपत्र करा. टेक्सासमध्ये लग्नानंतरची कमाई नवरा-बायकोची सामाईक धरतात, बक्षीस मात्र ज्याला दिलं त्याचं स्वतंत्र. पुढे कधी वाद झालाच तर तो कागद लागेल. वर्षात तुम्हा दोघांकडून मिळून १,००,००० डॉलरच्या वर आले, तर मुलाने फॉर्म ३५२० भरायचा. कर नाही, नुसती माहिती. पण विसरला तर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो. ‘बक्षीस नको, कर्ज म्हणून देतो’ असं वाटत असेल तर थांबा: तिथे राहणाऱ्याकडून येणं असलेलं कर्जही साधारणपणे अमेरिकेतली मालमत्ता धरलं जातं.

मुलाच्या नावावर घर असण्याचा दुसरा फायदा लगेचचा आहे. टेक्सासात राज्याचा उत्पन्नकर नाही, पण घरपट्टी जबर. त्यातली होमस्टेडची सवलत स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्या मालकालाच मिळते. मालक पुण्यात आणि राहणारा मुलगा, तर ती गेली.

आता माझं खरं दुखणं. साडेचार कोटींतले पावणेचार कोटी एका घरात घालू नका, मग ते कुणाच्याही नावावर असो. दीड लाख डॉलर द्या, बाकीचं गृहकर्ज मुलगा काढेल. तो कमावता आहे. दोघांनी ७५,००० प्रत्येकी पाठवले तर एलआरएसच्या, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत आरामात बसतं. प्रत्येकाच्या दहा लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापला जाईल, दोघांचे मिळून २३ लाख. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. त्याची सोय करून ठेवा. आणि सांगलीच्या लेकीचं आजच ठरवा. मुलाला दिलेल्या रकमेचा उल्लेख करून तेवढा वाटा तिच्या बाजूने मृत्युपत्रात लिहा. नंतर भावंडांनी आपसात ठरवावं, ही अपेक्षा मला कधीच पटलेली नाही.

मुलालाही एक सांगा. एच-वन-बीवर असताना तो अमेरिकेत ‘कायमचा स्थायिक’ मानला जाईलच असं नाही. ते त्याच्या इराद्यावर आणि पुराव्यावर ठरतं. नाही मानला, तर ६०,००० ची मर्यादा त्यालाही. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत त्याने भरपूर टर्म इन्शुरन्स आणि तिथलं मृत्युपत्र करून ठेवावं. अशा परक्या माणसाच्या आयुर्विम्याची रक्कम या करात धरत नाहीत.

तरीही घर स्वतःच्याच नावावर हवं असेल, तर निदान पुढचं माहीत असू द्या. मृत्यूनंतर नऊ महिन्यांत फॉर्म ७०६-एनए (इस्टेट टॅक्सचं विवरणपत्र) आणि कर, दोन्ही भरायचे. न भरलेल्या कराचा बोजा घरावर दहा वर्षं आपोआप राहतो. मुलगा विकायला गेला की टायटल कंपनी आयआरएसचा (अमेरिकन कर खात्याचा) बोजा उतरल्याचा कागद मागते आणि सौदा तिथेच अडकतो. शिवाय इथल्या रिटर्नमध्ये दरवर्षी शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) ते घर दाखवावं लागेल. राहिलं तर काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की मोबाइल अॅपवरून ३८,००० डॉलरचे अमेरिकन शेअरही घेतलेत. अमेरिकन कंपनीचे शेअर पुण्यात बसून घेतले तरी या कराच्या दृष्टीने अमेरिकेतलीच मालमत्ता. घर मुलाच्या नावावर गेलं तर ते ६०,००० च्या आत राहतात. त्यापुढे वाढायला लागले की तीच गुंतवणूक भारतीय म्युच्युअल फंडाच्या अमेरिकेत गुंतवणाऱ्या योजनेतून करा. तिचं युनिट भारतातलं असतं.