चालणं, बोलणं, खाणं, रडणं : एक ते दोन वर्षांच्या मुलांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी 15 महिन्यांची आहे. सोफा धरून भराभर चालते, पण हात सोडून एकही पाऊल टाकत नाही. तिचा जन्म सहा आठवडे आधी झाला होता. घरातले म्हणतात वॉकर आणा. आणावा का?

उत्तर : आधी वयाचा हिशेब करू. बाळ जितके आठवडे लवकर जन्मलं, तितके त्याच्या वयातून वजा करायचे आणि दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत हेच वय धरायचं. त्या हिशेबाने तुमची मुलगी साडेतेरा महिन्यांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये निरोगी मुलांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण 8 ते साडेसतरा महिने इतका ऐसपैस आहे. शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं म्हणून तुमची मुलगी मागे पडली, असं होत नाही.

वॉकर मात्र आणू नका. त्यात बाळ लोंबकळत बसतं आणि पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं. चालायला लागतो तो तोल. तो सांभाळायचं काम कंबर आणि पोटाच्या स्नायूंचं, आणि वॉकरमध्ये त्यांना कामच उरत नाही. शिवाय बाळ एकदम वेग घेतं आणि आपण पोहोचायच्या आत जिन्यापर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत जातं. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली ती अशा अपघातांमुळेच.

त्याऐवजी सोफा आणि एखादं जड स्टूल यांच्यात तिचा हात जेमतेम पोहोचेल इतकं अंतर ठेवा आणि आवडतं खेळणं स्टुलावर ठेवा. ते जमलं की अंतर वीतभर वाढवा. पांगुळगाडा चालेल, पण त्यात जाड पुस्तकं भरून तो जड करा, नाहीतर गाडा पुढे पळतो आणि बाळ तोंडावर आपटतं. घरात अनवाणीच राहू द्या. तळव्याला जमीन कळली की तोल लवकर येतो. दोन्ही हात वर धरून चालवू नका. तसं धरलं की ती पुढे झुकते आणि भार तुमच्या हातांवर टाकते. धरायचंच तर कमरेला धरा.

एका हाताने सोफा धरून ती खाली वाकते, खेळणं उचलते आणि पुन्हा सरळ उभी राहते का, हे बघा. राहत असेल तर पाऊल फार लांब नाही. वजावट केलेल्या वयाने 18 महिने झाले तरी ती चालली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. एक पाय ओढणं, एकच हात वापरणं, सतत ताठ चवड्यांवर उभं राहणं किंवा आधी जमणारी गोष्ट बंद होणं, यांपैकी काही दिसलं तर तोवर थांबू नका.

प्रश्न : मुलगा 22 महिन्यांचा आहे. जेमतेम आठ-नऊ शब्द बोलतो. घरात मराठी, पाळणाघरात दुसरी भाषा. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबाही उशिरा बोलले. वाट बघावी का?

उत्तर : घरात उशिरा बोलण्याची परंपरा असू शकते, पण तिच्या भरवशावर थांबू नका. पहिली गोष्ट, याच महिन्यात श्रवणचाचणी करून घ्या. ‘हाक मारली की वळतो’ ही चाचणी नव्हे. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साठून राहिला तर मुलाला दार आपटलेलं ऐकू येतं, पण ‘स’, ‘फ’ यांसारखे हलके आवाज निसटतात. जे धड ऐकूच येत नाही, ते बोलणार कसं?

दुसरं, शब्द पुन्हा मोजा. एका गोष्टीसाठी तो नेहमी एकच आवाज वापरत असेल, तर उच्चार कितीही बोबडा असला तरी तो शब्द धरायचा. पाण्याला ‘मम’ आणि कुत्र्याला ‘भू भू’ हेही शब्दच. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा. दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही, तेव्हा घरची मराठी मुळीच सोडू नका. दोन वर्षांच्या सुमाराला ‘बाबा गेला’, ‘अजून दे’ असे दोन शब्द जोडले जावेत आणि अडीच वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द यावेत, अशी अपेक्षा असते.

शब्दांइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व बाकीच्या खुणांना आहे. विमान दिसलं की तो बोट दाखवून तुमच्या तोंडाकडे बघतो का? हातवारे न करता ‘चप्पल आण’ म्हटलं तर आणतो का? खोटंखोटं बाहुलीला भरवतो का? हे सगळं असेल तर पाया चांगला आहे. बोट दाखवणं किंवा नजर देणंच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच भेटा आणि स्वमग्नतेची प्राथमिक तपासणी करायला सांगा. ती 18 आणि 24 महिन्यांना करतातच. शब्द आपोआप वाढतील म्हणून ती टाळू नका.

घरी काय करायचं? मोजे घालायची वेळ घ्या. त्याच्या समोर, डोळ्याला डोळा येईल असे खाली बसा. एक मोजा चढवा, दुसरा हातात धरा, ‘दुसरा पाय?’ म्हणा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. आपण मोठी माणसं दोन सेकंदांत उत्तरही आपणच देऊन टाकतो आणि त्याची बोलायची जागा तिथेच जाते. त्याने पाय पुढे केला, हूं केलं, काहीही केलं तरी ‘पाय! दुसरा पाय!’ म्हणा. तो ‘गाडी’ म्हणाला तर तुम्ही ‘गाडी गेली’ म्हणा, म्हणजे एकच शब्द जोडा. ‘म्हण ना, म्हण पाणी’ असा आग्रह धरू नका. त्याने मुलं जास्तच गप्प होतात. मागायच्या आधी सगळं हातात देऊ नका. दोन वस्तू दाखवून ‘लाल की निळा?’ विचारा.

कोणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही बंद करा. तो चालू असला की घरातली माणसंच मुलाशी कमी बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन वर्षं झाल्यावरही दिवसाला तासाभराहून जास्त नको.

प्रश्न : दीड वर्षाचा मुलगा जेवतच नाही. दिवसाला दुधाच्या चार बाटल्या पितो. आजी घास घेऊन मागे धावतात, मोबाइल दाखवला तरच तोंड उघडतो.

उत्तर : दोन-अडीचशे मिलिलिटरच्या चार बाटल्या म्हणजे 800 ते 1000 मिलिलिटर दूध. पोट तिथेच भरलं. या वयात दूध 500 मिलिलिटरच्या आत हवं. दुधात लोह अगदी कमी असतं, त्यामुळे असं मूल गुटगुटीत दिसूनही रक्ताने कमी असू शकतं. हिमोग्लोबिन तपासून घ्याच.

भूक कमी होण्यामागे वयही आहे. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं.

रात्रीची बाटली आधी बंद करा, दातही वाचतील. मग दर तीन-चार दिवसांनी एकेक बाटली कमी करत उघड्या कपावर या. दूध जेवणानंतर, आधी नाही. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. ताटात प्रत्येक पदार्थ वयाच्या वर्षाला एक मोठा चमचा या मानाने, म्हणजे त्याला दीड चमचा. 20 ते 30 मिनिटांनी ताट उचला, खाल्लं असो वा नसो. पहिले काही दिवस आरडाओरडा होईल, तेव्हा घरातल्या कोणीही गुपचूप बाटली देऊ नये. आजींना धावायला लावण्याऐवजी त्यांचं ताट त्याच्या शेजारी मांडा. समोरचं माणूस चवीने खाताना बघून मुलं हात घालतात. धावत्या, हसत्या मुलाच्या तोंडात घास घातला तर तो श्वासनलिकेत अडकू शकतो, आणि मोबाइल बघत गिळणाऱ्याला पोट भरल्याचं कळत नाही.

प्रश्न : 20 महिन्यांची मुलगी रडता रडता श्वास धरते, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्ध जाते. भीतीने आम्ही तिला रडूच देत नाही.

उत्तर : ती हे मुद्दाम करत नाही. राग किंवा दुखणं अनावर झालं की श्वास बाहेर टाकल्यावर आत घेणंच थांबतं. बहुतेक मुलांत पाच-सहा वर्षांपर्यंत हे आपोआप बंद होतं. पहिल्यांदा झालं की तपासणी मात्र हवीच. लोह कमी असेल तर ते भरून काढल्यावर हे प्रकार बऱ्याचदा कमी होतात.

त्या क्षणी तिला कुशीवर झोपवा, तोंडात काही असेल तर काढा, घड्याळ बघा. हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. मिनिटाच्या आत श्वास परत येतो. मिनिटभरात श्वास किंवा शुद्ध आली नाही, तर तातडीने रुग्णालय गाठा. न रडता, झोपेत किंवा पळताना असं झालं तर हृदयाचा आलेख काढावा लागतो.

नकार द्यायची गोष्ट असेल तर नकार ठाम ठेवा. रडलं की मिळतं हे कळलं की रडणं वाढेल. मात्र भूक आणि झोपेच्या वेळा सांभाळा, कारण बरेचसे हट्ट तिथूनच सुरू होतात. पुढच्या वेळी एकाने तिच्याजवळ बसावं, दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावं. ते बघून डॉक्टरांना हे रडण्यातलं आहे की आकडी, ते ओळखणं सोपं जातं.